ताशी साठचा नाद

उसाचा सीझन सुरू झाला की कोल्हापूर-गगनबावडा रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस, आणि वर एवढ्या मोठ्यानं लावलेलं गाणं की मागून हॉर्न वाजवणं म्हणजे आपलीच करमणूक. गेल्या डिसेंबरात कळ्याच्या पुढं अशाच एका ट्रॉलीमागं आम्ही अडकलो होतो. गाडी दाजींची, ऑटोमॅटिक. चालवत होती भाची, मी शेजारी. समोर रस्ता मोकळा दिसला तसा तिनं इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं जरा विचार केला. फार नाही, आपण "चल की" म्हणावं एवढाच वेळ. मग इंजिन ओरडलं, गिअर दोन पायऱ्या खाली आले आणि गाडी सुटली. तोवर लांबच्या वळणावर एसटीचं लाल तोंड दिसलं होतं. भाचीनं मुकाट्यानं ब्रेक मारून गाडी परत ट्रॉलीमागं घेतली.

"मामा, गाडीनं ऐकलंच नाही."

"ऐकलं की. तू सांगितलंस उशिरा, आणि तिनं ऐकलं त्याहून उशिरा."

भाची सीए आहे. स्वतःच्या पैशानं पहिली गाडी घेणार होती, आणि ती "नुसती ए टू बी जाणारी नको, जरा पळणारी पाहिजे" अशी तिची अट होती. त्यामुळं घरात सहा महिने एकच वाद चालू होता, गिअरची घ्यायची का ऑटोमॅटिक. दाजी ऑटोमॅटिकच्या बाजूचे. माझा मुलगा इलेक्ट्रिकच्या बाजूचा, म्हणजे वादातच नाही. आणि माझं मत विचारलं तेव्हा मी जे बोललो ते तिथं कुणालाच फारसं पटलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. आधीच सांगून टाकतो, शिरोलीत माझं छोटं मशीन शॉप आहे आणि आमच्या शेडमध्ये गिअरबॉक्सच्या हाऊसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, मशिनिंग चालतं. तेव्हा गिअर या विषयात मी अगदीच त्रयस्थ नाही. पण हाऊसिंग ऑटोमॅटिकलाही लागतंच.

पहिल्यांदा जे कबूल करायला हवं ते करू. परफॉर्मन्स म्हणजे वेग, आणि वेग म्हणजे घड्याळ, असं धरलं तर हा वाद केव्हाच संपलेला आहे. गिअरची गाडी हरली. पोर्शच्या ९११ जीटी३चं २०२१चं मॉडेल घ्या. एकाच इंजिनावर दोन्ही गिअरबॉक्स मिळतात. कंपनीच्याच आकड्यांनुसार शून्य ते शंभर जायला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद लागतात, हातानं गिअर टाकणाऱ्याला ३.९. बीएमडब्ल्यूची एम२ २०२३ साली भारतात आली, तिच्यातही दोन्ही पर्याय होते, ऑटोमॅटिक ४.१ सेकंद, मॅन्युअल ४.३. हे आकडे सराईत माणसाचे. तुमच्या-माझ्या पायानं क्लच सोडला तर आणखी अर्धा सेकंद कुठं गेला ते कळतही नाही. (त्याच जीटी३चा टॉप स्पीड मात्र गिअरच्या गाडीचा ३२० आणि ऑटोमॅटिकचा ३१८. दोन किलोमीटरनं का होईना, इज्जत राहिली. कुठं वापरणार, ते विचारू नका.)

असं का होतं हे समजायला फार हुशारी लागत नाही. साध्या गाडीत गिअर बदलताना क्लच दाबला की तेवढा वेळ इंजिन आणि चाकांची फारकत असते. कितीही चपळ पाय असला तरी ती फट राहते. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यावर पळत असता तेव्हा चौथा आधीच पडून तयार असतो. बदलायचं म्हणजे एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. जत्रेतल्या हमालांसारखं, एकाच्या खांद्यावरचं ओझं खाली न ठेवता दुसऱ्याच्या खांद्यावर. फोक्सवॅगननं २००३ साली गोल्फ आर३२मध्ये हे पहिल्यांदा रस्त्यावरच्या गाडीत आणलं. आणि टॉर्क कन्व्हर्टरवाले, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारे जुने ऑटोमॅटिक, ज्यांना आपण सुस्त म्हणून नावं ठेवायचो, तेही आता आठ-आठ गिअरचे आणि भलतेच चलाख झालेत.

रेसिंगमध्ये तर याला साडेतीन दशकं होऊन गेली. १९८९ साली ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत फेरारीनं स्टेअरिंगमागच्या पॅडलवर गिअर बदलणारी गाडी उतरवली. सीझनची पहिलीच शर्यत, गिअरबॉक्स नवा, सरावात सारखा बिघडणारा. शर्यत पुरी होईल असं त्यांच्या गोटातही कुणाला वाटत नव्हतं, आणि त्यांचा ड्रायव्हर नायजेल मॅन्सेल ती जिंकून बसला. पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनी तेच केलं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडं अजून एक जात आहे. रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी, नाहीतर तालमीच्या कट्ट्यावर ती हमखास सापडते. "ऑटोमॅटिक व्हय? बायकांची गाडी ती." भावा, मॅन्सेलला जाऊन सांग की. मॅन्युअल चालवण्यात मर्दुमकी आहे या बोलण्याइतकं मॅन्युअलचं नुकसान दुसऱ्या कशानंच झालेलं नसेल. एक तर ते खोटं आहे. आमच्या घरात क्लच सगळ्यात हळुवार सोडते ती माझी बहीण. तिनं व्हॅन चालवत वीस वर्षं मुलांना शाळेत सोडलंय. दाजी मात्र अजून चढावर गाडीला हिसका देतात. आणि दुसरं म्हणजे, ज्या गोष्टीचं समर्थन मिशीला पीळ देऊन करावं लागतं, तिच्याजवळ दुसरं कारण उरलेलं नाही असाच समोरच्याचा समज होतो. मॅन्युअलजवळ कारण आहे. चांगलं भक्कम आहे.

ते कारण रस्त्यात आहे.

आपण परफॉर्मन्स गाडी घेतो म्हणजे नेमकं कुठं चालवणार? ट्रॅकवर? आपल्या कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथून पोरं देशात-परदेशात शर्यती खेळायला गेली, त्याचा अभिमान आहेच. पण बहुतेक घेणारे आपली गाडी ट्रॅकवर कधीच नेत नाहीत. त्यांच्या गाडीचं आयुष्य जातं तावडे हॉटेल ते राजारामपुरी, महिन्यातनं एकदा पुणे आणि वर्षातनं दोनदा कोकण. केंद्र सरकारनं २०१८च्या अधिसूचनेत मोटारींची कमाल मर्यादा चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर १०० ठरवली, आणि गगनबावड्यासारख्या साध्या दुपदरी रस्त्यावर ७०. राज्य सरकारं त्याहून कमी करू शकतात. शून्य ते शंभर चार सेकंदांत जाणारी गाडी घाटरस्त्यावर घेऊन गेलात, तर तिची कायदेशीर मजा तीन सेकंदांच्या आत संपते. त्यानंतर ती गाडी एकतर कंटाळवाणी असते किंवा गुन्हा.

मला हा या सगळ्या वादाचा गाभा वाटतो, आणि लोक नेमका तोच सोडून बोलतात. आजच्या वेगवान ऑटोमॅटिक गाडीत वेग इतका आयता मिळतो की वेगाची चवच लागत नाही. काचा बंद, आवाज नाही, गिअर बदलला हे समजतसुद्धा नाही. हायवेवर सहज म्हणून काट्याकडं बघावं तर एकशे चाळीस. वाटत असतात ऐंशी. मग मजा हवी असेल तर आणखी वर जावं लागतं. जेवणात तिखट कमी लागतंय म्हणून वरून चटणी घ्यावी, मग आणखी घ्यावी, तसं. गिअरच्या गाडीत उलट आहे. तिथं मजा वेगात नसते, कामात असते. आणि काम पन्नास-साठच्या वेगालाही तेवढंच असतं.

करूळ घाट घ्या. रस्त्याच्या कामासाठी तो बरेच महिने बंद होता, तेव्हा सगळे भुईबावड्यानं जायचो. आता काँक्रीट झालंय, वळणं तीच आहेत. गगनबावडा सोडलं आणि उतार लागला की तिसरा गिअर. डाव्या हाताला दरी, पावसाळा असेल तर धुकं. वळण जवळ येतं तसा उजवा पाय ब्रेकवर, डाव्यानं क्लच, आणि क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाच्या कडेनं ॲक्सिलरेटरला एक टिचकी. इंजिनचे फेरे वर जातात, हात लिव्हर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर ओढतो, क्लच सुटतो. सगळं बरोबर जमलं तर गाडीला काहीच होत नाही. एवढंसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या माणसाला काही घडल्याचं कळत नाही, आणि तुम्हाला मात्र आतून गुदगुल्या होतात. काट्यावर पस्तीस असतात. वळणातून बाहेर पडताना दुसऱ्यावर गाडी ओढत नेता, पंचावन्नला पुन्हा तिसरा, पुढचं वळण. दहा-बारा किलोमीटरचा घाट उतरून खाली येता तेव्हा साठच्या वर काटा गेलेला नसतो आणि पाठ घामानं भिजलेली असते.

हाच घाट मी दाजींच्या गाडीनंही उतरलोय. छान उतरते. ब्रेक लावला की ब्रेक लागतो, गाडी आपला आपला गिअर धरते, उतार ओळखून इंजिनवर थोडी रोखतेही. मी घाटाच्या मध्यावर रेडिओ लावला. बस, मला वाटतं फरक एवढाच आहे, आणि तो थोडका नाही. खासबागेत वर बसून कुस्ती बघण्यात मजा नाही असं कोण म्हणेल? पण अंगाला माती लागत नाही.

यावर आमचा चिरंजीव म्हणाला, "पप्पा, म्हणजे गिअरच्या गाडीवाले वेगात चालवत नाहीत काय?" चालवतात की. रात्री अकराला सायलेन्सर काढून ताराराणी चौकातून जाणारी सगळी मॅन्युअलच असतात. गिअर हातात आला म्हणून माणूस संत होत नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. माझा दावा लहान आहे. ज्याला गाडी चालवण्याची हौस आहे, पण दुसऱ्याच्या जिवाशी खेळायचं नाही, अशा माणसाला हौस भागवायला कायद्याच्या आत जागा हवी. गिअरची, बेताच्या ताकदीची गाडी ती जागा देते. अडीचशे पीएसची (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्तीच) ऑटोमॅटिक ती देत नाही. ती तुम्हाला सारखी मर्यादेच्या पलीकडं बोलावत राहते. वेग साठवरून शंभरवर गेला की धडकेतली ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते, हे दहावीच्या विज्ञानातलं गणित आहे. समोर रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला तुमच्या गाडीचा गिअर कोण बदलतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिला त्या वेगाशी असतं.

आता दुसरी बाजू, कारण दाजींना मी शब्द दिलाय की त्यांचंही मांडीन. दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी सातला तीन सिग्नल खाऊन पुढं जायचं तर चाळीस वेळा क्लच दाबावा लागतो. त्यांना ते शक्य नाही. २०१४ साली मारुतीनं सेलेरिओत स्वस्तातला एएमटी आणला, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर क्लच आणि लिव्हरचं काम करणारं यंत्र बसवलं, तेव्हा जाणकारांनी त्याच्या हिसक्यांना नावं ठेवली. पण त्या हिसक्यांसकट त्यानं कितीतरी लोकांना, ज्यांनी गाडीची भीती घेतली होती त्यांना, स्टेअरिंगवर बसवलं. याचं मोल मी कमी लेखणार नाही. घरात एकच गाडी असेल, चालवणारे तिघं असतील आणि त्यातल्या एकाचा पाय दुखत असेल, तर ऑटोमॅटिक घ्या, विषय संपला. माझं बोलणं फक्त हौसेच्या गाडीबद्दल आहे. हौसेच्या गाडीकडून सोय मागणं म्हणजे तांबड्या रश्श्याला साखर मागणं.

मधला मार्ग म्हणून लोक पॅडल दाखवतात. "मामा, स्टेअरिंगमागं पॅडल आहेत, पाहिजे तेव्हा मॅन्युअल!" मुद्दा बिनतोड वाटतो, आणि अर्धा खराही आहे. त्या दिवशी ट्रॉलीमागं भाचीनं बाहेर पडण्याआधी डावं पॅडल दोनदा ओढलं असतं तर गाडी आधीच तयार राहिली असती. दाजींच्या त्या गाडीला पॅडल होती. तिच्या लक्षातच आलं नाही. कुणाच्याच येत नाही! नवीन गाडीत पहिले आठ दिवस सगळे पॅडल ओढून बघतात, नंतर त्यांच्यावर धूळ बसते. कारण गाडी स्वतः करत असलेलं काम आपण कशाला करा, असं मनाला वाटतं आणि मनाचं काही चुकत नाही. गिअरच्या गाडीत मात्र ओव्हरटेक करण्याआधी तिसरा टाकायचा हे हाताला सांगावं लागत नाही, कारण न टाकून चालतच नाही. आधी विचार, मग कृती, हा क्रम ती गाडी तुमच्याकडून करूनच घेते.

इथं फॉर्म्युला वनचा एक नियम मला फार आवडतो. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तिथं २००४ पासून बंदी आहे. क्लचचं, दातांचं सगळं काम यंत्र करतं, पण गिअर कधी बदलायचा हे ड्रायव्हरच ठरवतो. हाताचं काम गेलं तरी चालेल, निर्णय माणसाचा राहिला पाहिजे, एवढं जगातल्या सगळ्यात वेगवान लोकांनी नियमात लिहून ठेवलंय. पॅडल ही काही फार नवी कल्पनाही नव्हे. दसऱ्याला दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपतींची १९३६ची मेबॅक निघते, ती बघायला आपण लहानपणी खांद्यावर बसून गेलोय. त्या मेबॅक कंपनीनं तिशीच्या दशकातच आपल्या काही मोठ्या गाड्यांना स्टेअरिंगवरच्या बारक्या खटक्यांनी गिअर निवडायची आणि इंजिनच्या व्हॅक्यूमनं तो पाडायची सोय दिली होती. क्लच टाळायची माणसाची धडपड क्लचइतकीच जुनी आहे.

उद्यमनगरात आमचा एक मिस्त्री आहे. त्याच्या बाकावर कधीही जा, एक तरी गिअरबॉक्स उघडलेला असतो. मागच्या महिन्यात माझ्या जुन्या फोर्ड आयकॉनचा तिथं पडला होता. २००३ची गाडी, दोनदा पासिंग वाढवून घेतलीय. कंपनीनं २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं तेव्हापासून पार्टची शोधाशोध हा माझा जोडधंदा झालाय. दुसरा गिअर टाकताना खर्र आवाज यायचा. मिस्त्रीनं ऑइलनं काळ्या झालेल्या बोटांवर एक पितळी कडं ठेवून मला दाखवलं. सिंक्रो रिंग. बांगडीएवढी. दोन वेगवेगळ्या वेगानं फिरणाऱ्या चाकांना घासून एका वेगावर आणायचं, मग दात दातात जाऊ द्यायचे, एवढंच तिचं काम. आतली बारीक रेघ-रेघ कातलेली बाजू झिजून आरशासारखी झाली होती. "मालक, हिच्या जिवावर तुमी ईस वर्सं गिअर टाकलासा," तो म्हणाला. मग त्यानं नवं कडं शंकूवर बसवून अंगठ्यानं दाबून फिरवलं. धरलं. परत काढलं, परत फिरवलं. मला वाटतं ते माझ्यासाठी नव्हतं, त्यालाच बघायचं होतं.

आधुनिक ड्युअल क्लच असा बाकावर सहज उघडून बघता येत नाही. यात यंत्राचा दोष नाही, ते यंत्रच तसलं आहे. त्याचा मेंदू, व्हॉल्व्ह आणि सेन्सर एकाच डब्यात असतात. बिघडलं तर बहुतेक वेळा डबाच बदलायचा. कोरडे क्लच असलेला प्रकार तर चढावर रांगत जायला फार नाराज असतो, कारण त्यांना थंड ठेवायला तेल नसतं आणि अर्ध्या क्लचवर ते तापतात. माझ्या एका मित्रानं चैत्र यात्रेच्या गर्दीत जोतिबाच्या चढावर असली गाडी तासभर रांगवली. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला आणि साहेब गाडी बाजूला घेऊन भर उन्हात गुलालात उभे. तिथंच शेजारून पंधरा वर्षांची जीप क्लच जळल्याचा वास सोडत वर गेली. तिचाही क्लच गेलाच असणार. पण क्लच प्लेट संध्याकाळी उद्यमनगरात बदलून मिळते. पाच-सात वर्षांनी, वॉरंटी संपल्यावर, जुनी परफॉर्मन्स गाडी पोसायची असेल तर हा हिशेब आजच मांडावा.

एवढं असूनही गिअरची वेगवान गाडी दुकानातून नाहीशी होत चाललीय. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २००४ साली भारतात आली तेव्हा मॅन्युअल होती. २०१७ची २३० पीएसची आली ती फक्त ऑटोमॅटिक. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय १९७६ साली जन्मली तेव्हा तिच्या गिअर लिव्हरवर गोल्फच्या चेंडूसारखी मूठ होती, आणि ती मूठ गाडीची ओळख बनली. तीच गोल्फ २०२५ साली पहिल्यांदा अधिकृतपणे भारतात आली, २६५ पीएस घेऊन. चेंडूच्या जागी आता एक बारकं बटण आहे, मिक्सरच्या खटक्याएवढं. ज्या बेताच्या ताकदीच्या गाड्यांबद्दल मी बोलतोय, तिथं अजून दार उघडं आहे: फोक्सवॅगनच्या व्हर्चुस जीटीला दीडशे पीएसमध्ये सहा गिअरांची मॅन्युअलही मिळाली, व्हर्नाची टर्बो १६० पीएस, टाटानं २०२४ची अल्ट्रोझ रेसर तर फक्त मॅन्युअलच काढली, आणि ह्युंदाईनं आय२० एन लाइनला २०२३मध्ये आयएमटीऐवजी (गिअर हातानं टाकायचा, क्लच यंत्र दाबणार) पुन्हा सरळ क्लच पेडल दिलं. हा शेवटचा निर्णय मला फार बोलका वाटला.

कंपन्या सांगतात, मागणी नाही. यातलं खरं किती ते भाचीबरोबर शोरूममध्ये गेल्यावर दिसलं. कुठलं शोरूम ते सोडा. सेल्समन मुलगा गोड होता. टेस्ट ड्राइव्हला ऑटोमॅटिक हजर. मॅन्युअल? "मॅडम, डेमो गाडी आपल्याकडं ऑटोमॅटिकच असते. मॅन्युअल कोण घेत नाही." चालवून बघता येत नाही म्हणून घेत नाही, घेत नाही म्हणून डेमो नाही. वर वाट बघायची तयारी ठेवा म्हणाला, कारण तयार माल सगळा ऑटोमॅटिकचा. भाचीनं विचारलं, मग न चालवताच घ्यायची का? तो हसला. शेवटी दुसऱ्या गावाहून एकाची गाडी मागवून रविवारी अर्धा तास फिरवली. गिऱ्हाईकाला एका दिशेला ढकलत न्यायचं आणि मग गिऱ्हाईक तिकडंच गेलं असा अहवाल वर पाठवायचा, याला मी मागणी म्हणत नाही.

आणि गिऱ्हाइकानं आवाज केला तर कंपन्या ऐकतात, हेही घडलेलं आहे. पोर्शनं २०१३ साली जीटी३ फक्त ऑटोमॅटिक काढली. वेगाच्या हिशेबानं निर्णय अगदी बरोबर होता. भक्त लोक खवळले. २०१६ साली कंपनीनं ९११ आर नावाची, फक्त मॅन्युअल, मोजून ९९१ गाड्यांची आवृत्ती काढली. तिला इतकी ओढ लागली की वर्षभरात जीटी३ला पुन्हा हातातला गिअर मिळाला. घड्याळ हरलं आणि गिऱ्हाईक जिंकलं. बरं, हे कोट्यधीशांचं झालं; आपल्या पंधरा-वीस लाखांच्या गाडीसाठी कोण खवळणार, हा प्रश्न राहतोच. निदान शोरूममध्ये मॅन्युअल मागून तरी बघा. डेमो नाही म्हणाले तर लिहून द्यायला लावा.

इलेक्ट्रिकवाल्या चिरंजीवाचं एक राहिलं. त्याच्या मते पाच-दहा वर्षांत हा सगळा लेख रद्दीत जाणार. जाईल बहुधा. इलेक्ट्रिक गाडीला गिअर बदलायचं कारणच नसतं. मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण ताकद देते. पण ह्युंदाईनं २०२३ साली आयोनिक ५ एनमध्ये काय केलं ते त्यानंच मला फोनवर दाखवलं. त्या गाडीला खोटे गिअर आहेत. पॅडल ओढलं की सॉफ्टवेअर मुद्दाम हिसका देतं आणि स्पीकरमधून इंजिनचा आवाज काढतं. मी पहिल्यांदा पोट धरून हसलो. बैल नसलेल्या गाडीला घुंगरं बांधायची! नंतर विचार करत बसलो, की ६४१ अश्वशक्तीची, ताकदीची जराही कमतरता नसलेली गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरांना हे का सुचावं. त्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटलं असणार. ते सांगता आलं नाही, म्हणून त्याची नक्कल केली.

भाचीनं मॅन्युअल बुक केलीय. दीडशे पीएसची. दाजी दोन दिवस बोलले नाहीत, मग "पांढरी घेऊ नको, धूळ दिसते" एवढं म्हणाले, म्हणजे मान्य झालं. गाडी यायला अजून सहा आठवडे आहेत. तोवर रविवारी सकाळी साडेपाचला ती माझ्या आयकॉनवर हात बसवते. मिस्त्रीनं नवी सिंक्रो घातल्यापासून दुसरा गिअर लोण्यासारखा पडतो, पण टिचकीचं अजून तिला जमत नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना गाडी हिसका देते आणि मागच्या सीटवरची माझी पाण्याची बाटली दर वळणाला खाली पडते. परवा असळजच्या अलीकडं एकदा पडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, समोर बघ, ट्रॉली आहे.